"त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही"

आमच्या वाचा-श्रवण केंद्रात आलेले बहुतेक आईबाबा बोलायला सुरुवात याच वाक्याने करतात. सोबत आजी असेल तर ती म्हणते, "याचा बाबाही उशिराच बोलला." दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण तपासल्याशिवाय त्या धरून चालू नये, एवढ्यासाठी हे पत्रक.

पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. 2 वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'बाबा ये', 'अजून दूध' अशी जोडणी अपेक्षित असते. मोजताना 'भूभू', 'मम', 'माऊ' हेही शब्दच धरा. घरात मराठी आणि शेजारी हिंदी असेल तर दोन्हींतले मिळून मोजा. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही; त्यासाठी घरची भाषा सोडू नका. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण तो फरक थोडक्या महिन्यांचा असतो, वर्षावर्षाचा नव्हे.

आता 'समजतं' म्हणजे नेमकं किती, ते घरीच पाहा. आपण "चप्पल आण" म्हणतो तेव्हा आपली नजर चपलेकडे जाते, नकळत बोटही जातं, आणि मूल त्यावरून ओळखतं. एकदा हात मांडीवर ठेवून, त्याच्या चेहऱ्याकडेच बघत विचारा, "चप्पल कुठे आहे?" आजूबाजूला बॉल, वाटी, चमचाही असू द्या. पहिल्या भेटीत आम्हीही हेच करतो, आणि कितीतरी आईबाबा इथे पहिल्यांदा थबकतात.

सगळ्यात जास्त फसगत कानांच्या बाबतीत होते. "दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं." मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि 'स', 'श', 'फ' असे बारीक ध्वनी नीट ऐकू येणं वेगळं. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. कान दुखेलच असं नाही, तापही नसतो, पण समोरच्याचं बोलणं कानात बोटं घालून ऐकल्यासारखं पोचतं. यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे उपचार आहेत. म्हणून उशीर किरकोळ वाटला तरी आधी श्रवणचाचणी करा, जन्मानंतरची ओएई (बाळाच्या कानांची पहिली प्राथमिक चाचणी) नॉर्मल आली असली तरीही. बेरा या श्रवणचाचणीत झोपलेल्या मुलाच्या कपाळाला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात. "करंट देतात का?" असं हमखास विचारलं जातं. नाही. सुईही नाही. आवाज कानातून पुढे मेंदूकडे कसा जातो, याची फक्त नोंद होते.

जिभेला वेखंड लावून शब्द येत नाहीत. जीभ खाली चिकटलेली असेल तर काही उच्चार अडू शकतात, पण शब्दच न येण्याचं ते सहसा कारण नसतं.

मोबाइलबद्दल आम्ही स्पष्टच सांगतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये सांगितलं, 2 वर्षांखाली स्क्रीन नको. स्क्रीन मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही थांबू शकता. "पाणी म्हण, मगच देते" हा आग्रह सोडा, त्याने मूल आणखी गप्प होतं. पेला दाखवा, "पाणी हवं?" म्हणा आणि मनात पाच अंक मोजा. ते "पा" म्हणालं तरी लगेच द्या आणि म्हणा, "गार पाणी!"

वर्ष उलटून दोन-तीन महिने झाले तरी मूल बोट दाखवत नाही किंवा हाकेला वळत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, 2 वर्षांना दोन शब्द जोडत नाही, तर वाट पाहू नका. आलेले शब्द बोलायचं बंद झालं तर मुलाचं वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरी गाठतात. पण कोणतं मूल गाठेल हे आधी ओळखता येत नाही, आणि वाट पाहण्यात गेलेले महिने शिकण्याचे असतात.

आमच्याकडेच या असा आग्रह नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा त्यांना आवर्जून सांगा. पुढच्या तपासण्या सरकारी केंद्रात मोफत होतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. कुठेही गेलात तरी थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. विचारण्यात संकोच नको.

आमच्याकडे येताना जन्माच्या वेळचे कागद आणा. कावीळ, कमी वजन, काचेच्या पेटीत ठेवलं असल्यास तेही सांगा. बेरासाठी वेळ घेताना मुलाची झोपायची वेळ कळवा आणि त्या दिवशी त्याला वाटेत गाडीत झोपू देऊ नका.