चेष्टा कुठवर आणि छळ कुठून?

कोल्हापुरात मित्रानं शिवी न देता हाक मारली, तर याचं काहीतरी बिनसलंय अशी शंका येते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात समोरच्या तालमीच्या संघाची टर उडवणं हा तर निम्मा खेळच. अशा गावात वाढणाऱ्या पोराला चेष्टा आणि छळ यांतली रेघ दाखवायची कशी?

शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी स्वीडनमध्ये सुरू केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखवायचा हेतू, पुन्हापुन्हा घडणं आणि ताकदीतली तफावत. हेतू मुलाला दिसत नाही. तफावत मात्र तपासता येते. ‘मी त्याला उलट तसंच बोललो तर चालेल का? बास म्हटल्यावर तो थांबतो का?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती चेष्टा उरलेली नाही. ताकद म्हणजे अंगातलीच असं नाही. चार टाळकी सोबत असली तरी पुरते.

२००३ साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या चेंडूच्या खेळात माणसाला मुद्दाम वगळलं, की शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा मेंदूचा एक भाग चाळवला जातो, असं त्यात दिसलं. तो भाग इतर अनेक कामांतही गुंततो, त्यामुळे ‘शब्दाचा मार आणि छडीचा मार एकच’ असं म्हणायची घाई नको. पण ‘नुसतं बोललाय, मारलं तर नाही ना?’ हे मोठ्यांचं पेटंट वाक्य तरी बंद व्हावं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो कॅनडातला अभ्यास. शाळेच्या मैदानावरचं चित्रण तपासल्यावर दिसलं, की बहुतेक प्रसंगांत बघे हजर होते, मधे पडणारे थोडेच. पण कुणी पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ काही सेकंदांत थांबला. म्हणून बघ्या पोरांनाही एक वाक्य शिकवावं: ‘ए, बास की आता. चल रे, आपण जाऊ.’

ज्याला बोललं जातं त्यानं ‘मला हे आवडत नाही’ एवढंच सपाट आवाजात म्हणून तिथून निघावं आणि मोठ्यांना सांगावं. घरी चार वेळा म्हणून बघितलं तर ऐनवेळी तोंडातून निघतं. नुसतं ‘दुर्लक्ष कर’ म्हटलं, की पोर पुढच्या वेळी घरी सांगतच नाही. कोण, कुठं, काय बोललं हे पालकांनी लिहून ठेवावं. घरी सांगायची सोय नसेल, तर १०९८ ही मुलांची मोफत हेल्पलाइन आहे. आणि गुरुजींनी दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणू नये. ताकदीची तफावत तिथंही तशीच उभी असते, दोघांशी वेगवेगळं बोलावं.