पांघरूण घालून जाणारे

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरची थंडी दिवसा कळतच नाही. दुपारी राजवाड्याकडे जाताना स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. रात्री एक वाजून गेला की मात्र ती हाडांत शिरते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये आडवा झालो होतो. मावशी आत ॲडमिट होती. वॉर्डात एकालाच थांबता येत होतं आणि ती जागा मावसबहिणीनं कधीच पटकावली होती. अंगावर शाल, डोक्याखाली बॅग, शेजारी खरगोन-धारकडून आलेली पाच-सात माणसं.

पहाटे जाग आली तेव्हा अंगावर राखाडी रंगाचं कोरं ब्लँकेट होतं. कोपऱ्यावरचं किमतीचं स्टिकर कुणीतरी नखानं खरवडून काढलेलं. आजूबाजूला पाहिलं, तर ओळीनं झोपलेल्या सगळ्यांच्या अंगावर तसंच ब्लँकेट.

खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. रामबागेतल्या आमच्या घरी ट्रंकभर रजया पडल्या होत्या. मी काय गरजू दिसतो? पण रागवायचं कुणावर? समोर कुणीच नव्हतं. आभार मानायला नाही, परत द्यायला नाही, मान खाली घालायलाही नाही. दोन मिनिटं तसाच बसलो आणि ब्लँकेट कानापर्यंत ओढून पुन्हा झोपलो.

सकाळी गेटजवळच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "एक भिया आते हैं. हर साल, बड़े दिन के आसपास." भिया म्हणजे भैया, आणि बडा दिन म्हणजे आपला नाताळ. नाव काय त्यांचं? "नाम तो मेरे को पता है, पर उन्ने मना किया है."

चहावाल्याचं हे उत्तर डोक्यातून जाईना, कारण उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांना ज्या प्रश्नानं गेली साठेक वर्षं छळलंय, तो नेमका तिथेच बसला आहे. स्वतःची झीज सोसून दुसऱ्याचं भलं करणारा प्राणी नैसर्गिक निवडीत टिकतो कसा? १९६४ साली विल्यम हॅमिल्टननं रक्ताच्या नात्यापुरतं उत्तर दिलं: नातेवाइकाला मदत केली की आपल्याच जनुकांच्या प्रती वाचतात. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं परतफेडीचा हिशोब मांडला. आज मी तुला, उद्या तू मला. आणि १९९८ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी गणितानं दाखवलं की परतफेड त्याच माणसाकडून येण्याचीही गरज नाही. चारचौघांत नाव झालं की तिसराच कुणीतरी पुढे मदतीला येतो. आपल्या भाषेत, पत वाढते.

ब्लँकेटवाला या तिन्हींत बसत नाही. खरगोनचा शेतकरी त्याचा नातेवाईक नाही, परत भेटणार नाही, आणि देणारा तर स्वतःचं नावच खरवडून काढतोय.

कुणी बघत नसेल तर माणूस किती देतो, हेही मोजून झालंय आणि ते वाचून जरा वाईट वाटतं. अर्थशास्त्रज्ञांचा एक साधा खेळ आहे. तुमच्या हातात काही रक्कम देतात आणि म्हणतात, पलीकडच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला यातलं हवं तेवढं द्या, नाही दिलं तरी चालेल. एरवी बरेच जण काही ना काही देतात. १९९४ साली एलिझाबेथ हॉफमन, व्हर्नन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच खेळ इतका गुप्त केला की कुणी किती दिलं हे प्रयोग करणाऱ्यांनाही कळू नये. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी छदामही दिला नाही. (स्मिथना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात फक्त या प्रयोगासाठी नव्हे.)

नुसती नजर असल्याचा भास पुरतो, असंही काही काळ वाटत होतं. २००६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफीचे पैसे आपणहून डब्यात टाकायची सोय होती. त्यावर एका आठवड्यात फुलांचं चित्र लावलं, पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत डब्यात जवळपास तिप्पट पैसे जमले. हा प्रयोग फार गाजला. पुढे अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा चित्रातल्या डोळ्यांमुळे माणूस अधिक उदार होतो, याला आधार सापडला नाही. गाजलेल्या प्रयोगांचं असं पुष्कळदा होतं. कागदाचे डोळे माणूस बहुधा ओळखतो. चहावाल्याचे डोळे खरे असतात.

आणि इथे २०१८ मधलं एक काम फार उपयोगी पडतं. मोशे हॉफमन, ख्रिश्चियन हिल्बे आणि पुन्हा तेच नोवाक यांनी विचारलं, माणसं आपले चांगले गुण लपवतात का? त्यांच्या गणिती खेळात निघालेलं उत्तर असं: लपवलेलं सत्कृत्य क्वचितच पूर्ण लपतं. ते थोड्यांनाच कळतं, आणि ज्यांना कळतं त्यांना दोन गोष्टी कळतात. एक, या माणसानं दान केलं. दोन, बाकीच्यांना कळलं नाही तरी याचं काही अडत नाही. नाव कोरलेली फरशी बसवणाऱ्याला ही दुसरी गोष्ट कधीच सांगता येत नाही. म्हणजे आमच्या भियाजींची कीर्ती एका चहाच्या टपरीपुरती आहे, पण तिथे ती किती पक्की आहे!

हे गणित मला पटतं. तरी ते संशोधन माझ्या रागाबद्दल काहीच बोलत नाही. गुप्तदानावरचं बहुतेक विज्ञान देणाऱ्याच्या डोक्यात शिरलेलं आहे, अगदी शब्दशः. २००७ साली ओरेगॉन विद्यापीठात विल्यम हार्बो आणि सहकाऱ्यांनी १९ स्त्रियांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. त्यांच्या खात्यातले पैसे अन्नदान करणाऱ्या संस्थेकडे वळते होत, तेव्हा मेंदूतला आनंदाशी जोडलेला भाग उजळत होता. पैसे सक्तीनं कापले तरी थोडा, आपणहून दिले तर जास्त. छान आहे. पण ज्याच्या अंगावर ब्लँकेट पडलं, त्याच्या मेंदूचं काय?

आपल्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे: मिंधा. उपकार घेतला की माणूस मिंधा होतो, मग उतराई होण्याची धडपड सुरू होते. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाचा गाभा हाच आहे. भेट फुकट नसते, तिला परतीची दोरी बांधलेली असते. म्हणूनच गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची व्याख्या करताना एक शब्द मुद्दाम घातलाय, 'अनुपकारिणे'. जो परतफेड करणार नाही, त्याला दिलेलं. संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणं दडवून तो लाडू देण्याची पद्धत आहे. आमची आजी त्याला गुप्तदानच म्हणायची. लहानपणी वाटायचं, ही गुप्तता पुण्य वाढावं म्हणून. आता वाटतं, ती लाडू घेणाऱ्याची सोय आहे. त्यानं लाडू घेतला, पैसे घेतले नाहीत.

मिंधेपणा मोजणारा एक सुंदर अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी अशी जोडपी निवडली, ज्यांतला एक जण न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेला बसणार होता. दोघांनीही रोज वेगवेगळी दैनंदिनी लिहायची. एकानं लिहायचं, आज मी काय आधार दिला. दुसऱ्यानं लिहायचं, आज मला काय आधार मिळाला. नोंदी ताडून पाहिल्यावर उलटंच चित्र दिसलं. आधार मिळाल्याची जाणीव ज्या दिवशी झाली, त्यानंतर परीक्षार्थीची उदासी वाढलेली दिसे. सर्वांत गुणकारी ठरला तो जोडीदारानं दिलेला, पण परीक्षार्थीच्या लक्षातच न आलेला आधार. ज्या घरात बारावीचा विद्यार्थी आहे, त्या घरातल्या आयांना हे न्यूयॉर्कहून कळायची गरज नाही. 'मी तुझ्यासाठी किती करते' हे वाक्य उच्चारलं की केलेलं सगळं वाया.

नाताळच्या मुळाशी असलेली गोष्टही हीच आहे, असं मला वाटतं. सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो संत निकोलस चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप होता. आख्यायिका अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुलींची हुंड्यावाचून लग्नं अडली होती. निकोलसनं रात्री त्यांच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. दिवसाढवळ्या दारावर थाप मारून त्याला देता आल्या असत्या. पण मग त्या बापाला दार उघडावं लागलं असतं.

नाताळात खरंच जास्त दिलं जातं का, की त्या दिवसांत मागणारे वाढतात म्हणून देणारे दिसतात? स्वीडनमध्ये याचं उत्तर सापडलं. तिथे सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत घेणारी यंत्रं असतात. एक बटण दाबलं की अनामत रकमेची पावती मिळते, दुसरं दाबलं की ती रक्कम दानाला जाते. यंत्र बारा महिने तेच, त्याचं मागणंही तेच. मथियास एकस्ट्रॉम या अर्थशास्त्रज्ञानं नोंदी पाहिल्या, तर नाताळच्या दिवसांत दानाचं बटण अधिक दाबलं जात होतं. म्हणजे हवेत काहीतरी असतं खरं.

पण मागण्याचा परिणामही काही कमी नाही. अमेरिकेत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक नाताळात लाल पातेलं ठेवून घंटी वाजवत दुकानांबाहेर उभे राहतात. ही प्रथा १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झाली. जेम्स अँड्रियोनी आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या डिसेंबरात बॉस्टनजवळच्या एका सुपरमार्केटात प्रयोग केला. घंटीवाला नुसता उभा असेल तेव्हा एक स्थिती, आणि तो नजरेला नजर देऊन 'कृपया द्या' म्हणेल तेव्हा दुसरी. बोलून मागितल्यावर देणारे ५५ टक्क्यांनी वाढले, रक्कम ६९ टक्क्यांनी. त्याच वेळी जवळपास एक तृतीयांश लोक वळसा घालून दुसऱ्या दारानं जाऊ लागले! देणारालाही मिंधेपणा नको असतो, असं म्हणायचं.

याच अमेरिकेत लॅरी स्टुअर्ट नावाचा एक उद्योजक होऊन गेला. १९७१ मध्ये तो कफल्लक होता. मिसिसिपीतल्या ह्यूस्टन नावाच्या लहान गावातल्या खानावळीत त्यानं पोटभर न्याहारी केली आणि पाकीट हरवल्याचं नाटक सुरू केलं. मालक टेड हॉर्न काउंटरमागून आला, त्याच्या खुर्चीजवळ वाकला आणि वीस डॉलरची नोट उचलल्यासारखं करून म्हणाला, ही तुमचीच पडली असणार. स्टुअर्ट नोट घेऊन बाहेर पडला आणि थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की नोट पडलेली नव्हतीच. पुढे कॅन्सस सिटीत त्यानं पैसा कमावला आणि १९७९ पासून दर नाताळात तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या हातात नोटा ठेवत फिरला, बहुतेकदा शंभराच्या. २६ वर्षांत सुमारे १३ लाख डॉलर. लोक त्याला नुसतं 'सीक्रेट सांता' म्हणत. कर्करोगानं गाठल्यावर २००६ मध्ये त्यानं नाव सांगितलं, जानेवारी २००७ मध्ये तो गेला. हॉर्नला मात्र त्यानं १९९९ मध्येच शोधून काढून १० हजार डॉलर दिले होते. इतकी वर्षं हजारोंना दिलं, तरी ती पहिली वीस डॉलरची दोरी तुटली नव्हती.

मला त्या हॉर्नचं जास्त कौतुक वाटतं. एका क्षणात त्यानं समोरच्याच्या नाटकात आपलं नाटक मिसळून दिलं. खोटं बोलून केलेलं दान जगातल्या कुठल्या शास्त्रात बसतं कोण जाणे.

घेणाऱ्याकडे पाहणारा आणखी एक प्रयोग थंडीतलाच आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोच्या एका बागेत, बर्फावर घसरायच्या जागेपाशी, लोकांना गरम चॉकलेटचा कप देऊ केला. हवा तर स्वतः घ्या, हवा तर इथल्या कुठल्याही अनोळखी माणसाला पाठवा. कप पाठवणाऱ्यांना विचारलं, त्याला किती बरं वाटेल? त्यांचा अंदाज सरासरीनं कमी पडला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातलं कारण साधं आहे. देणारा वस्तूकडे पाहतो, चॉकलेटचा एक कप, त्यात काय एवढं? घेणाऱ्याला मात्र वस्तूबरोबर आपुलकी पोचलेली असते. म्हणून आपण द्यायला बिचकतो.

मी बिचकलोच. पुढचे दोन डिसेंबर नुसता विचार करण्यात गेले. तिसऱ्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री, व्हाइट चर्चची रोषणाई बघायला निघालेल्या गर्दीतून स्कूटर काढत, सहा ब्लँकेटं घेऊन त्याच पोर्चपाशी पोचलो. स्टिकरं घरीच खरवडली होती. अकराच वाजले होते, ही चूक. पहिली दोन नीट पडली. तिसऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर घालताना त्यानं झोपेतच माझं मनगट धरलं.

"कौन?"

घशाला कोरड पडली. मग हॉर्न आठवला. म्हटलं, "बाबा, आपका ही है. नीचे गिर गया था."

त्यानं डोळे किलकिले केले. उशाखालची आपली जुनी चादर चाचपून पाहिली, मग माझ्या हातातलं कोरं ब्लँकेट पाहिलं, मग माझ्या काखेतली उरलेली तीन.

"मेरा तो ये रहा," तो म्हणाला. आणि मनगट सोडून कूस बदलत, "अच्छा, डाल दे."