मरीन ड्राइव्हच्या लाटा पावसाने उसळत नाहीत

मुंबईत पाऊस धो-धो पडला की मरीन ड्राइव्हला लाटा उसळतात, हा समज जळगाव-भुसावळकडे पक्का आहे. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापी फुगते. तोच हिशेब लोक समुद्राला लावतात.

भरती येते ती चंद्र-सूर्याच्या ओढीने. दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटे, म्हणून ती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. कोळ्यांचा आडाखा सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता. पण ती भांगाची, म्हणजे लहान. उधाणाची मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईत भर दुपारी किंवा मध्यरात्रीच्या सुमारास. त्यामुळे अमावास्येला संध्याकाळी सहाला कट्ट्यावर गेलात तर ओहोटीत उघडे पडलेले टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळेच दिसतील. (ते इंग्रजांनी टाकले असेही सांगतात, पण टेट्रापॉडची रचनाच १९५० मधली, फ्रान्सची.)

पावसाळ्यात पाणी रस्त्यावर येते त्याला नैर्ऋत्येचा वारा कारण. उधाण आणि वारा एकत्र आले की लाट भिंतीवरून येते, पाऊस नसला तरी. पाऊस असला तर मात्र भरतीमुळे नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि सखल भाग तुंबतात.