बिल गेट्स यांची १९९८ ची ती 'साक्ष'

'बिल गेट्स कोर्टात खोटं बोलताना पकडले गेले, शिक्षाही झाली' ही कथा वर्षानुवर्षे फिरते आहे. मुळात १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीवरून मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात ते त्या वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभेच राहिले नाहीत. ज्या व्हिडिओवरून ही कथा सांगतात, त्यात दिसतो तो रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाच्या गावी, सुनावणीआधी नोंदवलेला शपथेवरचा जबाब. सरकारचे वकील डेव्हिड बॉइस विचारतात, कोणत्या ब्राउझरची काळजी वाटत होती? गेट्स म्हणतात, 'काळजी' म्हणजे काय ते कळलं नाही! हे तुकडे कोर्टात दाखवले तेव्हा न्यायाधीश जॅक्सनही हसले. टाळाटाळ उघडीच होती, अब्रू गेली ती तिथेच. पण खोट्या साक्षीचा खटला गेट्स यांच्यावर कधीच झाला नाही. मक्तेदारीचा ठपका बसला तो कंपनीवर. कोर्टात ते प्रत्यक्ष साक्षीला आले थेट २००२ मध्ये.