पायात रॉड की प्लेट? चालायचं कधी, ते मित्राला विचारू नका

सायकलवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर कोणी पाय मोडल्याचं कळवलं की तासाभरात एक सल्ला हमखास येतो: "घाबरू नकोस रे, माझ्याही पायात रॉड आहे, मी तिसऱ्या दिवशी उभा होतो. टाक वजन!" सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या पायात खरोखर रॉड असतो आणि तो तिसऱ्या दिवशी खरोखर उभा राहिलेला असतो. ऐकणाऱ्याच्या पायात मात्र प्लेट असते, तीही गुडघ्याला लागून. त्यानं हे मनावर घेतलं तर ऑपरेशन पाण्यात. याच्या उलटही चालतं. आत्याच्या गुडघ्यात प्लेट होती आणि तिला तीन महिने पाय टेकू दिला नव्हता, म्हणून रॉडवाल्या भाच्याला घरचे पलंगावरून उतरू देत नाहीत. डिस्चार्ज पेपरवर "चालवा" असं स्पष्ट लिहिलेलं असूनही.

दोन्ही धातूच, दोन्ही नडगीच्याच हाडात, दोन्हींचे एक्स-रे सारखेच भयंकर दिसतात. नियम मात्र वेगळे.

रॉडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण निम्म्या सायकलवाल्यांना तो पाठ आहे. गाडीनं धडक दिली किंवा पाय अडकून पिरगळला की नडगीचं हाड बहुतेक मधल्या भागात मोडतं. हे हाड समोरून जेमतेम कातडीखालीच असतं, बोट फिरवलं तर कड हाताला लागते. म्हणून तिथं मोठी चीर न देता गुडघ्याच्या वाटीजवळून आत शिरतात, पोकळीतून घोट्यापर्यंत सळई सरकवतात आणि वर-खाली आडवे स्क्रू मारून तिला अडकवतात. सळई हाडाच्या बरोबर मधोमध असते, त्यामुळे उभं राहिल्यावर भार हाड आणि सळई वाटून घेतात. वजन पडल्यानं तुटलेल्या जागी थोडी हालचाल होते आणि त्या हालचालीनंच भोवती नवीन हाडाचा गोळा धरतो. म्हणजे इथं वजन टाकणं हा उपचाराचाच भाग. पद्धत जुनी आहे. जर्मनीत कील इथल्या गेरहार्ड कुन्चर या सर्जननं 1940 च्या सुमारास ती पुढे आणली. सुटून आलेल्या युद्धकैद्यांच्या मांडीत आरपार सळई पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चक्रावले होते. रुग्ण लवकर पायावर उभा राहावा, हाच तिचा हेतू. बाजूचं बारीक हाड, फिब्युला, मोडलेलं तसंच सोडलं तर नातेवाईक उगाच हवालदिल होतात. नडगी मधे मोडली असेल तर ते बहुतेक वेळा तसंच सोडतात.

आता प्लेट. गोंधळ सगळा इथेच आहे.

सिंहगड उतरताना पावसाळ्यात शेवाळावर किंवा खडीवर चाक सटकलं, सगळं वजन एका पायावर आलं आणि गुडघा आतल्या बाजूला मुडपला, तर मांडीच्या हाडाचं गोल टोक नडगीच्या माथ्यावर आदळतं. तो माथा म्हणजे सपाट पठार, वर कूर्चा आणि खाली जाळीदार, स्पंजासारखं हाड. बाहेरची बाजू खचण्याचं प्रमाण जास्त. यालाच टिबिअल प्लॅटो फ्रॅक्चर म्हणतात. एक्स-रेत अनेकदा फक्त एक बारीक रेघ दिसते, म्हणून सीटी स्कॅन काढतात, आणि त्यात कळतं की सांध्याचा एक तुकडा खाली दबलाय. इथं सळई चालत नाही. वरचा तुकडा इतका आखूड असतो की तिला धरायला जागाच मिळत नाही. म्हणून दबलेला तुकडा खालून वर उचलतात, त्याच्याखाली पडलेली पोकळी हाडाच्या चुऱ्यानं किंवा कृत्रिम हाडानं भरतात, पृष्ठभागाखालून स्क्रूंची आडवी रांग घालतात आणि बाजूनं प्लेट लावतात.

आता उभं राहिलं की भार कुठं येईल बघा. मांडीचं हाड थेट त्या उचललेल्या तुकड्यावर दाबणार, आणि खाली नुकतंच भरलेलं, अजून कच्चं हाड. प्लेट बाजूला आहे, ती पोलादी असो वा टायटॅनियमची, वरून येणारा हा दाब तिनं अडवायचा नाहीये. तुकडा परत खचला तर सांध्याची पातळी बिघडते, आणि तसा गुडघा लवकर झिजतो. म्हणून साधारण सहा ते बारा आठवडे पायावर वजन नाही. "प्लेट कच्ची असते, रॉड पक्का असतो" हे जे सर्रास ऐकू येतं ते साफ चूक आहे. प्रश्न धातूच्या ताकदीचा नसून हाड सांध्यापाशी मोडलं की मधे, याचा आहे. म्हणूनच नडगीच्या मधल्या भागाला काही कारणानं प्लेट लावली असेल, किंवा घोट्याला असेल, तर तिथला हिशोब आणखी वेगळा असतो, आणि प्लॅटोवाल्यानं घोटेवाल्याचं वेळापत्रक उचलू नये.

इथपर्यंत बऱ्याच जणांना समजतं. पण यातून ते जो निष्कर्ष काढतात त्यानं माझं डोकं फिरतं: वजन टाकायचं नाही, म्हणजे पाय हलवायचा नाही! मग गुडघा उशीवर सरळ ठेवून दोन महिने पलंगावर. वजन आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्लॅटोच्या बाबतीत तर त्यांची दिशाच उलटी आहे: वजन नको, वाकवणं हवं, तेही लवकर. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, सांधा हलतो तेव्हाच तिला आतल्या द्रवातून पोषण मिळतं. न हललेला गुडघा आतून चिकटत जातो आणि नंतर त्याला सोडवणं हे मोडलेल्या हाडापेक्षा चिवट काम होऊन बसतं. प्लेटची ही सगळी शिस्त स्वित्झर्लंडमधल्या ज्या सर्जनांनी 1958 साली एकत्र येऊन घडवली, त्यांचा आग्रहच हा होता की हाड इतकं घट्ट बसवावं की सांधा लगेच हलवता यावा. रॉड माणसाला उभं करण्यासाठी निघाला, तर सांध्याजवळची प्लेट सांधा हलवण्यासाठी. प्लेट घालूनही गुडघा बांधून ठेवला तर ती घातली कशाला? (अस्थिबंध फाटले असतील किंवा जखम नाजूक असेल तर सर्जन काही दिवस ब्रेस देतात, ती गोष्ट निराळी. तसं असेल तर कागदावर लिहिलेलं असतं.)

सायकलवाल्यांना हे पटवायला माझ्याकडे एकच आकडा आहे. पेडल पूर्ण गोल फिरवायला गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो. खुर्चीत नीट बसता आलं म्हणजे 90 झाले. मधले वीस अंश पहिल्या काही आठवड्यांत मिळवले नाहीत तर पुढे सीट कितीही वर करा, पेडल वरच्या टोकाला अडकणार आणि तुम्ही कंबर उचलून ते पार कराल.

डिस्चार्ज पेपरवरची अक्षरं वाचायला शिका, डॉक्टरांच्या सहीपेक्षा ती महत्त्वाची. एनडब्ल्यूबी म्हणजे वजन अजिबात नाही. टीटीडब्ल्यूबी म्हणजे पाऊल फक्त जमिनीला टेकवायचं, तोल सांभाळण्यापुरतं. पीडब्ल्यूबी म्हणजे थोडं वजन, आणि "थोडं" किती ते अंदाजानं ठरवायचं नसतं. वजनकाटा जमिनीवर ठेवा, दुखरा पाय त्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या पाटावर, हात वॉकरवर. वीस किलो सांगितले असतील तर काटा वीसला येईपर्यंत दाबून बघा. पायाला तो दाब कळतो, मग रोज काट्याची गरज राहत नाही. डब्ल्यूबीएटी म्हणजे सोसेल तेवढं, आणि हेच बहुतेक रॉडवाल्यांच्या कागदावर असतं.

चांगल्या जाणत्या माणसांनाही न पटणारी आणखी एक गोष्ट. रॉडवाला चालतो म्हणजे त्याचं हाड जुळलंय, असं नाही. उलट नडगीचं मधलं, घट्ट हाड जुळायला चार-पाच महिने सहज लागतात, जखम उघडी असेल तर जास्तच. माथ्याचं स्पंजासारखं हाड त्यामानानं लवकर भरतं. म्हणजे चालणाऱ्याचं हाड कच्चं आणि कुबड्यांवर लटकलेल्याचं हाड त्याच्याहून पुढे, असंही एकाच वेळी असू शकतं! एक्स-रे बघतानाही हाच घोळ होतो. रॉडमध्ये समोरून आणि बाजूनं काढलेल्या दोन फोटोंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतल्या तीन नव्या हाडाच्या गोळ्यानं सांधल्या की सर्जन समाधानानं मान हलवतात. प्लॅटोत असा गोळा बनतच नाही, म्हणून "फोटोत काहीच भरलेलं दिसत नाही" म्हणून रात्रभर जागू नका.

रॉडवाल्यांनीही फार फुशारकी मारू नये. धातू कायमचा टिकायला घातलेला नसतो. हाड जुळायला फार उशीर झाला तर रोजच्या हजारो पावलांचा ताण सळई आणि तिचे स्क्रू खात राहतात. स्पोक जसा एका मोठ्या खड्ड्यात तुटत नाही, हजारो फेऱ्यांनी थकून एखाद्या सपाट रस्त्यावर तुटतो, तसंच. चार-पाच महिन्यांनी सर्जन कधीकधी एका टोकाचे स्क्रू काढून टाकतात, म्हणजे हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जाऊन जुळणीला चालना मिळते. त्यावर "रॉड सैल केला, आता काय होणार" असं रडगाणं गाऊ नका.

किरकोळ फरक पटापट उरकतो. रॉडचं ऑपरेशन सहसा एक-दोन दिवसांत होतं. प्लॅटोला बऱ्याचदा आठ-पंधरा दिवस थांबतात, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, मधल्या काळात बाहेरून सळयांची चौकट लावून. हा हलगर्जीपणा नाही, सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर ती भरत नाही. रॉडवाल्याला गुडघे टेकून बसताना वाटीपाशी दुखतं, पूजेला बसताना जाणवेल. स्टील की टायटॅनियम, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. धातू काढलाच पाहिजे असं नाही. काढला तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे पाय जपा. मटण पाया सूप चवीला उत्तम, हाड जुळवायला मात्र डाळ, अंडी, दूध, नाचणी यांपेक्षा काही खास नाही. पण तंबाखू, मशेरी आणि सिगारेट हाड जुळण्याच्या थेट आड येतात, आणि यात रॉड-प्लेट भेद नाही. सूपवर हजारो रुपये घालून खिशात पुडी बाळगणाऱ्यांशी मी बोलत नाही.

कुबड्या काखेत खुपसून त्यांवर लटकू नका; काखेखाली दोन-तीन बोटं अंतर हवं आणि वजन तळहातावर, नाहीतर नस दबून मनगट लुळं पडतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

दोन गोष्टींत थांबायचं नाही, कुठलाही धातू असो. पोटरी दगडासारखी घट्ट, गोळ्यांना न जुमानणारी वाढती वेदना, बोटं ताणली तर असह्य: हा आतला दाब आहे, काही तासांत स्नायू मरतात, रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठा. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली: रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हाही तसंच.

सायकलवर परत बसायचं ते ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरातच जागेवर चालवायच्या स्टँडवर. सीटवर बसून हलक्या गियरमध्ये पेडल मारताना पायावर उभं राहण्यापेक्षा बराच कमी भार येतो, म्हणून गुडघा पुरेसा वाकायला लागला की फिजिओ प्लेटवाल्यालाही बऱ्याचदा चालण्याच्या आधी पेडल मारू देतात. 2019 च्या जूनमध्ये मांडीचं हाड मोडलेला व्यावसायिक सायकलपटू क्रिस फ्रूम पुढच्या फेब्रुवारीत यूएई टूर या शर्यतीत उतरला, हे मला कृपया पाठवू नका. तिथं मोडलेलं हाड वेगळं, आणि मागे व्यावसायिक संघाचे डॉक्टर. तुम्ही हलकं फिरवा, उभं राहून दाबू नका, आणि क्लीट बूट, म्हणजे तळाच्या खाचेनं पेडलला अडकणारे बूट, कपाटातच ठेवा. क्लीट सोडताना टाच बाहेर फिरते आणि तो पीळ थेट नडगीत जातो. एरवी तो जाणवतही नाही, पण अर्धवट जुळलेल्या हाडाला तोच नको असतो. शिवाय सिग्नलला क्लीट वेळेवर सुटली नाही तर परत त्याच बाजूला आडवे व्हाल. साधी रुंद पेडलं लावा. ती किती दिवस ठेवायची ते सर्जनना पुढच्या एक्स-रेच्या वेळी विचारा, आणि विचारताना "सायकल चालवू का" एवढंच न विचारता ट्रेनरवर की रस्त्यावर, क्लीट लावून की न लावता, तेही सांगा. नाहीतर ते "चालवा" म्हणतील ट्रेनर मनात धरून, आणि तुम्ही रविवारी खंबाटकीला निघाल.