कर्ज फोर्डचं, बोजा डीलरवर

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कार कंपनीला थेट गिऱ्हाइकाला गाडी विकायला बंदी आहे. टेस्लाचा कारखाना टेक्सासात ऑस्टिनला, पण त्याच राज्यातल्या आपल्या शोरूममध्ये कंपनीला विक्रीचा सौदा करता येत नाही. विचित्र वाटतं खरं. पण या कायद्यांमागे एक जुना अन्याय आहे.

१९२० च्या मंदीत गाड्यांचा खप बसला. हेन्री फोर्डच्या डोक्यावर मोठी देणी होती. त्याने नवं कर्ज काढायचं टाळलं आणि मागवल्या नसतानाही गाड्या डीलरांकडे धाडल्या, त्याही रोखीने. पैसे भरा, नाहीतर एजन्सी जाईल. डीलरांनी गावच्या बँकांतून कर्ज उचलून त्या गाड्या सोडवल्या. फोर्डचं ओझं असं गावोगावच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या खांद्यावर गेलं. १९२९ नंतरच्या महामंदीतही माल गळ्यात मारणं सुरूच राहिलं. जागा, वर्कशॉप, नोकरांचे पगार, सगळं डीलरचं; करार मात्र कंपनी वाटेल तेव्हा मोडणार.

विस्कॉन्सिनने १९३७ मध्ये कायदा करून या जबरदस्तीला लगाम घातला. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने, कंपनी सचोटीने वागली नाही तर फेडरल कोर्टात दाद मागायची सोय डीलरला झाली. पुढे राज्यांनी आणखी एक कलम घातलं: कंपनीने आपल्याच डीलरशेजारी दुकान थाटायचं नाही. इथवर मला हे कायदे पूर्ण न्याय्य वाटतात.

घोळ आहे तो सरसकट बंदीत. टेस्लाने डीलर नेमलेच नाहीत. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच ओळखलं: कायदा डीलरला त्याच्या स्वतःच्या कंपनीपासून वाचवतो, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांच्या डीलरांना टेस्लाला अडवता येणार नाही. त्याच वर्षी मिशिगनने मात्र कायदा बदलून थेट विक्रीची वाट आणखी आवळली. जबरदस्तीविरुद्धचं हत्यार तिथे स्पर्धेविरुद्ध वापरलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे अशी बंदी नाही. मर्सिडीज-बेंझ २०२१ पासून गिऱ्हाइकाच्या नावाने स्वतः बिल करते. टेस्लाने २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचं शोरूम उघडलं. पण जनरल मोटर्सने २०१७ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये इथला गाशा गुंडाळायला घेतला, तेव्हा शोरूमवर कोट्यवधी रुपये घातलेले डीलर अडकले. डीलरांची संघटना ‘फाडा’ त्यांच्यासाठी संरक्षणाचा कायदा मागते आहे.