ताटातले लोह रक्तात किती उतरते

बाई दोन जिवांची आहे म्हणून तिने दोघांचे जेवावे, हा सल्ला गरोदरपणाची बातमी कळताच मिळू लागतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी त्यातला हिशेब चुकलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीने २००४ साली दिलेल्या आकड्यांनुसार गरोदर स्त्रीला पहिल्या तिमाहीत दिवसाला सुमारे ८५, दुसऱ्या तिमाहीत २८५ आणि तिसऱ्या तिमाहीत ४७५ किलोकॅलरी जादा लागतात. म्हणजे अगदी शेवटच्या महिन्यांतही ही वाढ एरवीच्या आहाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच राहते. लोहाचे तसे नाही. रक्तात उतरलेल्या लोहाची गरज पहिल्या तिमाहीत, पाळी बंद असल्यामुळे, दिवसाला जेमतेम ०.८ मिलिग्रॅम असते आणि शेवटी ती ६ मिलिग्रॅमच्याही वर जाते. अन्न पाचव्या हिश्श्याने वाढवायचे आणि लोह मात्र कित्येक पटींनी मिळवायचे, असा हा पेच आहे, आणि नुसते ताट वाढवून तो सुटत नाही.

हातात पैसे कमी असतील तर हा पेच आणखी घट्ट बसतो. मोजक्या पैशांत आधी पोट भरावे लागते, आणि सर्वांत स्वस्तात पोट भरते ते धान्याने आणि कंदमुळांनी. उत्पन्न वाढत जाते तसा आहारातल्या पिष्टमय पदार्थांचा वाटा घटत जातो, हे अर्थतज्ज्ञ मेरिल बेनेट यांनी १९४१ साली दाखवून दिले होते. तोच नियम उलटीकडून वाचला की गरीब घरातले ताट एकसुरी का असते ते समजते. अशा घरातल्या बाईला फळे, अंडी आणि दूध चांगले असते हे ठाऊक नसते, असे समजून दिलेली व्याख्याने म्हणूनच वाया जातात.

आहार किती विविध आहे हे मोजण्यासाठी अन्न व कृषी संघटनेची एक साधी पद्धत आहे. अन्नाचे दहा गट पाडलेले असतात: धान्ये व कंद, डाळी व कडधान्ये, तेलबिया व कवचाची फळे, दूध व दुधाचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व भरपूर असलेली इतर फळे-भाज्या, बाकीच्या भाज्या आणि बाकीची फळे. काल दिवसभरात आणि रात्री काय काय खाल्ले, एवढेच स्त्रीला विचारतात आणि त्यांत किमान पाच गट आले का ते पाहतात. बटाटा येथे भाजीत धरत नाहीत, तो धान्यांच्या रांगेत बसतो. आणि चवीपुरत्या, म्हणजे १५ ग्रॅमपेक्षा कमी घातलेल्या जिन्नसाला गुण मिळत नाही. त्यामुळे भात, बटाट्याची भाजी आणि वर चिमूटभर कोथिंबीर, हे दिसायला तीन जिन्नस असले तरी हिशेबात गट एकच. ही मोजपट्टी लोकसमूहासाठी आहे, एकेका बाईला पास-नापास करण्यासाठी नाही, हे मात्र विसरू नये.

हे गट म्हणजे जणू वेगवेगळे डबे, एकात लोह आणि दुसऱ्यात जीवनसत्त्व, असे शाळेत शिकलेले चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एका घासातले पदार्थ आतड्यात एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि मला विविध आहाराचे खरे मर्म तेथे दिसते.

डाळींत, धान्यांत आणि पालेभाज्यांत लोह असते ते बहुतांशी तीन धनभारांच्या आयनाच्या, म्हणजे विद्युतभारित अणूच्या, रूपात. जठरातल्या आम्लात ते विरघळलेले राहते, पण अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागात शिरले की आम्लता उतरते आणि हे लोह गंजासारखे साकळू लागते. साकळलेले लोह पेशींच्या उपयोगाचे नाही. त्यातच धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचे संयुग असते. बी आपला फॉस्फरस त्यात साठवून ठेवते. सहा कार्बन-अणूंच्या कड्याला सहा फॉस्फेट गट लटकलेले, प्रत्येकावर ऋणभार. धनभारित लोह समोर आले की हा रेणू त्याला चहूबाजूंनी पकडतो आणि सोडत नाही. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल संयुगेही हेच करतात. म्हणून तक्त्यात कडधान्यापुढे लोहाचा मोठा आकडा छापलेला असला, तरी त्यातले फार थोडे रक्तात पोचते.

आता त्याच घासात लिंबाचा रस आला असे समजा. त्यातले क जीवनसत्त्व दोन कामे करते. जठरातच ते लोहाला हलकेच धरून ठेवते, त्यामुळे पुढे आम्लता उतरली तरी लोह साकळत नाही. शिवाय ते लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन दोन धनभारांच्या रूपात आणते, आणि आतड्याच्या पेशीवरचा वाहक नेमके हेच रूप आत घेतो. एकेका जेवणावर केलेल्या प्रयोगांत एवढ्याने लोहाचे शोषण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक झालेले दिसते. कित्येक दिवसांच्या पूर्ण आहारावर पाहिले तर परिणाम बराच सौम्य असतो, पण ज्या ताटात मांस येत नाही तेथे तोही मोलाचा. फायटेटचा बंदोबस्त तर स्वयंपाकघरातच करता येतो: कडधान्य भिजवून त्याला मोड आले की बियांतले फायटेज हे विकर जागे होऊन फॉस्फेटचे गट तोडू लागते, आणि पीठ आंबवल्यावरही तेच घडते. मांस-मासळीतल्या लोहाचा काही भाग हीम नावाच्या वेष्टनात येतो, म्हणून तो या झटापटीतून बराचसा सुटतो; शिवाय थोडेसे मांस शेजारच्या डाळीतल्या लोहाचे शोषणही वाढवते.

पेशीत शिरलेले लोह अजून रक्तात आलेले नसते. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला फेरोपोर्टिन नावाचे दार आहे आणि त्याची कडी यकृताच्या हाती असते. यकृत हेप्सिडिन हे पंचवीस अमिनो आम्लांचे संप्रेरक सोडते. ते दाराला चिकटले की दारच मोडीत निघते, लोह पेशीत अडकते आणि काही दिवसांत ती पेशी झडली की तिच्याबरोबर शरीराबाहेर जाते. गरोदरपणात हेप्सिडिन उतरते आणि दार सताड उघडते. मोजक्या ब्रिटिश स्त्रियांवरच्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अन्नातल्या लोहाचे शोषण बाराव्या आठवड्यात ७ टक्के होते, ते छत्तिसाव्या आठवड्यात ६६ टक्क्यांवर गेले. हा आकडा वाचताना मी दरवेळी थबकतो.

मात्र जंतुसंसर्ग किंवा अंगात मुरलेला दाह असला की यकृत हेप्सिडिन पुन्हा वाढवते. जंतूंना लोह मिळू नये, हा त्यामागचा डाव. ज्या वस्तीत पाणी अस्वच्छ आहे, मलेरियाची ये-जा आहे, तेथे बाईने नीट खाल्ले तरी दार अर्धे मिटलेले राहू शकते. तिच्या रक्तक्षयाचा दोष केवळ तिच्या खाण्यावर टाकणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

अमुक रंगाचे खाल्ले की बाळाचा वर्ण तसा होतो, ही समजूत निव्वळ पोकळ आहे. त्वचेचा रंग जनुके ठरवतात. कमी जेवले की बाळ लहान राहून बाळंतपण सोपे जाते, ही समजूत मात्र धोक्याची, कारण कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतरचे धोके अधिक असतात. प्रथिनांच्या महागड्या पावडरींची जाहिरात मला याच माळेतली वाटते. कुपोषित समूहांतल्या गरोदर स्त्रियांना ऊर्जा व प्रथिने यांचा समतोल पूरक आहार द्यावा, पण अतिप्रथिनयुक्त पूरक आहार देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्टच सांगितले आहे.

फॉलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची कथा तर गरीब गरोदर स्त्रियांपासूनच सुरू झाली. लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि कापडगिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या एका गंभीर रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. त्यात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यामागचे द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. तोवर पुष्कळदा दिवस गेल्याचे बाईलाही कळलेले नसते. ही नलिका नीट मिटायला फॉलेट लागते, त्यामुळे फॉलिक आम्लाची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घेणे उत्तम. लोहाची शेवटच्या महिन्यांतली गरज तर उत्तम ताटातूनही भागणे कठीण, म्हणून दिवसाला ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी सुचवलेली आहे. तिलाही आतड्यातले तेच नियम लागू पडतात: ती चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियमही लोहाच्या शोषणाला आडवे येते.